रेषेपूर्वीचे गाव : सामाजिक संशोधनातील भौगोलिक माहिती प्रणाली

सामाजिक शास्त्रांतील बहुतेक माहिती माणूस, कुटुंब, जात, वर्ग, उत्पन्न, शिक्षण आणि काळ या निकषांवर मांडली जाते, आणि ही माणसे नेमकी कुठे राहतात, कुठून कुठे जातात, कोणत्या रस्त्याच्या अलीकडे किंवा पलीकडे त्यांची घरे आहेत, हा तपशील तक्त्याच्या कडेच्या एखाद्या रकान्यात गावाच्या किंवा प्रभागाच्या नावापुरता उरतो. भौगोलिक माहिती प्रणाली, म्हणजे संशोधकांच्या रोजच्या बोलण्यातील जीआयएस, हा कडेचा रकाना मध्यभागी आणते. जमिनीवरील वस्तूला किंवा घटनेला निर्देशांक, म्हणजे तिचे स्थान सांगणारी आकड्यांची जोडी, एकदा दिला की वेगवेगळ्या खात्यांनी वेगवेगळ्या हेतूंनी गोळा केलेली माहिती त्या स्थानाच्या आधारे परस्परांशी जोडता येते. शाळेची पटसंख्या आणि पाणीपुरवठ्याचा आराखडा या दोहोंत एरवी एकही समान रकाना नसतो, पण दोन्ही एकाच वस्तीचे असल्यामुळे ते एकमेकांसमोर ठेवून प्रश्न विचारता येतो. अमेरिकी भूगोलशास्त्रज्ञ वाल्डो टोब्लर यांनी १९७० मध्ये मांडलेले सूत्र, की सर्वच गोष्टी एकमेकींशी निगडित असतात परंतु जवळच्या गोष्टी दूरच्यांपेक्षा अधिक निगडित असतात, या सगळ्या व्यवहाराच्या मुळाशी आहे.

हा विचार संगणकापेक्षा जुना आहे. जॉन स्नो यांनी १८५४ मध्ये लंडनच्या सोहो भागातील पटकीचे मृत्यू घरोघर नकाशावर मांडले आणि चार्ल्स बूथ यांनी १८८९ पासून त्याच शहरातील रस्ते दारिद्र्याच्या प्रतीनुसार रंगवले, तेव्हा स्थानावरून समाजाविषयी अनुमान काढण्याची रीत रूढ झालीच होती. रॉजर टॉमलिन्सन यांनी १९६० च्या दशकात कॅनडा सरकारच्या जमीनपाहणीसाठी जी प्रणाली उभारली, तिने नकाशाचे थर संगणकात साठवणे आणि एकावर एक ठेवून तपासणे शक्य केले. त्यानंतरच्या साठ वर्षांत तंत्र स्वस्त झाले, उपग्रहांची चित्रे कोणालाही मिळू लागली, आणि २००२ मध्ये सुरू झालेल्या क्यूजीआयएससारख्या मुक्त सॉफ्टवेअरमुळे विद्यापीठातल्या साध्या संगणकावरही हे काम करता येऊ लागले. तंत्र शिकणे हा आता मोठा अडसर उरलेला नाही. खरा अडसर वेगळा आहे, आणि या प्रस्तावनेचा भर त्यावरच आहे : समाजावर परिणाम करणारी प्रत्येक रेषा, मग ती महामार्गाची असो, विमानतळाच्या आवाजाची असो किंवा भूसंपादनाची असो, आखली जाण्यापूर्वी तेथील माणसांची नोंद किती बारकाईने आणि कोणत्या वर्गवारीत झाली होती, यावरच पुढच्या काळातील संशोधक काय पाहू शकेल हे ठरते.

हे स्पष्ट करण्यासाठी नेदरलँड्समधील बाडहूव्हडॉर्प हे गाव घेणे सोयीचे आहे, कारण सुमारे १३,००० वस्तीच्या या गावात दीड-पावणेदोनशे वर्षांत इतक्या रेषा आखल्या आणि पुसल्या गेल्या की प्रणालीचे जवळजवळ प्रत्येक मूलभूत साधन त्याच्या उदाहरणावर समजावता येते. आम्स्टरडॅमच्या नैर्ऋत्येस, हार्लमरमेर नगरपालिकेच्या ईशान्य कोपऱ्यात, स्खिपोल विमानतळाच्या उत्तरेला हे गाव आहे. डच भूमापन खात्याने १८३२ मध्ये देशभर जमीनधारणेचे जे पहिले नकाशे सिद्ध केले, आणि जे हिसजीआयएस या प्रकल्पात फ्रिझलंडमधील फ्रिस्क अकादमीने संगणकात आणण्याचे काम सुरू केले, त्या नकाशांच्या काळात या गावाच्या जागी पाणी होते. हार्लमरमेर म्हणजे वादळात काठ खाणारे मोठे सरोवर होते. १८३६ च्या नोव्हेंबर आणि डिसेंबरमधील वादळांत त्याचे पाणी एकदा आम्स्टरडॅमच्या वेशीपर्यंत आणि एकदा लेडनपर्यंत पोहोचले, तेव्हा ते उपसण्याचा निर्णय झाला. सरोवराभोवती सुमारे ६० किलोमीटरचा रिंगव्हार्ट हा कालवा खणण्यात आला आणि लेखवाटर, क्रुक्वियस व लाइन्डन या तीन वाफेच्या उपसा केंद्रांनी १८४९ ते १८५२ या काळात सुमारे १८,००० हेक्टर जमीन कोरडी केली. लाइन्डनचे केंद्र आजच्या बाडहूव्हडॉर्पच्या अगदी शेजारी आहे.

अशा कोरड्या केलेल्या आणि बांधांनी राखलेल्या जमिनीला डच लोक पोल्डर म्हणतात. तिच्यावर पूर्वीच्या पाणंदी, वहिवाटी किंवा वाड्या नसल्यामुळे अभियंत्यांनी सरळ रेघोट्या मारून २०० मीटर रुंद व १,००० मीटर लांब असे २० हेक्टरचे तुकडे पाडले आणि ते विकले. याकोब पाउलुस आमर्सफोर्ट या जमीनदाराने येथे ‘डे बाडहूव्ह’ नावाची आदर्श शेती उभारली, आणि १९३० च्या दशकात वसू लागलेल्या गावाला तिचेच नाव मिळाले. भौगोलिक माहिती प्रणालीत हे सर्व तीन आकारांत साठवले जाते : उपसा केंद्र हा बिंदू, कालवा ही रेषा आणि शेताचा तुकडा हा बहुभुज, त्या प्रत्येकाला जोडलेल्या तक्त्यात मालक, वर्ष, वापर असे गुणधर्म असतात. या पद्धतीला व्हेक्टर म्हणतात. जमिनीची उंची मात्र अशी तुटक वस्तू नसते, ती सलग बदलत जाते, म्हणून ती लहान चौकोनांच्या जाळीत, प्रत्येक चौकोनाला एक आकडा देऊन, साठवली जाते आणि तिला रास्टर म्हणतात. विमानातून लेसर किरणांनी मोजलेल्या नेदरलँड्सच्या उंचीचा राष्ट्रीय संच अर्ध्या मीटरच्या जाळीत कोणालाही विनामूल्य मिळतो. त्यात बाडहूव्हडॉर्पची जमीन समुद्रसपाटीच्या काही मीटर खाली आणि रिंगव्हार्टचे पाणी तिच्यापेक्षा वर असल्याचे दिसते. पायाखालच्या जमिनीहून उंचावर पाणी वाहत असणे ही येथील सर्व सामाजिक जीवनाची भौतिक पूर्वअट आहे, आणि पाणी व्यवस्थापन मंडळाचा कर येथील प्रत्येक घराला का द्यावा लागतो हे त्यावरूनच कळते.

यानंतर आली महामार्गाची रेषा. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ए-९ हा महामार्ग गावाच्या मधून गेला आणि त्याने गावाचे दोन भाग केले. २०१७ मध्ये हा मार्ग गावाच्या दक्षिणेकडून वळवण्यात आला, जुना रस्ता उखडण्यात आला, आणि मोकळ्या झालेल्या पट्ट्यावर घरे व गावाचा मध्यवर्ती भाग नव्याने आखण्याचे काम नगरपालिकेने हाती घेतले. सामाजिक संशोधकाच्या दृष्टीने ही घटना दुर्मीळ आहे, कारण रस्ता बांधल्याचे परिणाम तपासणारे संशोधन पुष्कळ असले तरी रस्ता काढून टाकल्यावर समाजाचे काय होते हे पाहण्याची संधी क्वचितच मिळते.

अशा अभ्यासात प्रणालीचा पहिला उपयोग अंतराची कल्पना सुधारण्यासाठी होतो. दोन घरांमधले नकाशावरचे सरळ अंतर २०० मीटर असले, तरी मधे महामार्ग असेल तर पायी जाणाऱ्या मुलाला भुयारी मार्गापर्यंत वळसा घालून त्याच्या कितीतरी पट चालावे लागते. या दुसऱ्या अंतराला जाळ्यावरील अंतर म्हणतात आणि ते रस्त्यांचे तुकडे, चौक व ओलांडण्याच्या जागा यांच्या संचावरून मोजले जाते. दोन्ही अंतरांचे गुणोत्तर प्रत्येक घरासाठी काढले की महामार्गाचा अडथळा कोणाला किती पडत होता याचे घराघराचे चित्र तयार होते, आणि रस्ता हटवल्यानंतर तेच गुणोत्तर पुन्हा काढून फरक पाहता येतो. नेदरलँड्समध्ये हे शक्य होते ते पत्ते आणि इमारतींच्या राष्ट्रीय नोंदवहीमुळे, जिच्यात प्रत्येक इमारतीची बाह्यरेषा, बांधकामाचे वर्ष आणि प्रत्येक पत्त्याचे निर्देशांक असतात आणि जी पीडीओके या शासकीय नकाशासेवेवरून उतरवून घेता येते.

तरीही येथेच सावध व्हावे लागते. महामार्ग हटल्यावर त्याच्या काठच्या घरांच्या किमती वाढल्या असे आढळले, तर ती वाढ शांततेमुळे, नव्या बांधकामामुळे की सगळ्या आम्स्टरडॅम परिसरातील घरटंचाईमुळे हे केवळ नकाशावरून सांगता येत नाही; त्यासाठी त्याच काळातील, त्याच प्रकारच्या, परंतु महामार्ग कायम राहिलेल्या दुसऱ्या वस्तीशी तुलना करावी लागते. शिवाय नव्या घरांत नवी माणसे येतात, आणि वस्तीची सरासरी सुधारली म्हणून जुन्या रहिवाशांचे जीवन सुधारले असे म्हणता येत नाही. एकाच जागेवरची माणसे बदलणे आणि त्याच माणसांची स्थिती बदलणे या दोन वेगळ्या घटना आहेत. जागेचा थर पहिली दाखवतो, दुसरीसाठी माणसांचा पाठपुरावा करावा लागतो. स्थानाधारित संशोधनातील सर्वांत जास्त चुकीचे निष्कर्ष या एका गल्लतीतून निघतात, असे म्हणण्यास हरकत नाही.

बाडहूव्हडॉर्पवर सर्वांत जास्त चर्चा झालेली रेषा मात्र जमिनीवर दिसतच नाही. १९१६ मध्ये लष्करी धावपट्टी म्हणून सुरू झालेल्या स्खिपोलला आज सहा धावपट्ट्या आहेत आणि त्यांच्याभोवती आवाजाच्या समपातळी रेषा आखलेल्या असतात, म्हणजे वर्षभराचा सरासरी आवाज जेथे सारखा आहे अशी स्थाने जोडणाऱ्या वक्ररेषा. युरोपीय संघाच्या २००२ च्या निर्देशानुसार हा आवाज दिवस, संध्याकाळ आणि रात्र यांचा एकत्रित धरला जातो, त्यात संध्याकाळच्या आवाजात ५ आणि रात्रीच्या आवाजात १० डेसिबलची भर घातली जाते, आणि विमानतळ, मोठे रस्ते, लोहमार्ग व मोठी शहरे यांचे असे नकाशे दर पाच वर्षांनी सादर करावे लागतात. त्यापूर्वी नेदरलँड्समध्ये कोस्टन समितीच्या नावाने ओळखले जाणारे वेगळे एकक वापरात होते. एकक बदलले की रेषा सरकते, आणि रेषा सरकली की घराच्या खिडक्यांना ध्वनिरोधक काचा सरकारी खर्चाने मिळणार की नाही, एखाद्या तुकड्यावर नवे घर बांधता येणार की नाही, हेही बदलते. हे आकडे बहुतांशी प्रत्यक्ष घरांत मोजलेले नसतात. उड्डाणांचे मार्ग, विमानांचे प्रकार आणि वेळा यांवरून संगणकीय प्रतिमानाने काढलेले असतात. रेषेच्या आतल्या शेवटच्या घरात आणि बाहेरच्या पहिल्या घरात कानाला काहीच फरक जाणवत नाही, पण कायद्याला जाणवतो.

नेदरलँड्सच्या सार्वजनिक आरोग्य संस्थेने, म्हणजे आरआयव्हीएमने, १९९६ मध्ये विमानतळापासून २५ किलोमीटरच्या परिघातील रहिवाशांना टपालाने प्रश्नावली पाठवली आणि ११,००० हून अधिक लोकांची उत्तरे त्यांच्या पत्त्यावरील आवाजाच्या पातळीशी जोडली. आवाज वाढतो तसे स्वतःच्या आरोग्याविषयीचे मत खालावते आणि हृदयविकाराच्या व झोपेच्या औषधांचा वापर वाढतो, असा संबंध त्या अभ्यासात दिसला. या अभ्यासाची खरी ताकद त्याच्या जोडणीत आहे : माणसाचे उत्तर आणि जागेचा आवाज हे दोन स्वतंत्र स्रोत पत्त्यावर येऊन भेटतात. पण त्याची मर्यादाही तेथेच आहे, कारण माणूस दिवसभर आपल्या पत्त्यावर नसतो. स्वीडिश भूगोलशास्त्रज्ञ टॉर्स्टन हॅगरस्ट्रँड यांनी १९७० मध्ये माणसाचा दिवस हा काळ आणि अवकाश यांतून जाणारा एक मार्ग म्हणून मांडला होता, आणि मेइ-पो क्वान यांनी २०१२ मध्ये त्याच धाग्यावर दाखवून दिले की घराभोवतीच्या परिसराचा माणसावर परिणाम मोजताना तो परिसर नेमका कुठला हेच बहुधा अनिश्चित असते. स्खिपोलवर विमानांत सामान चढवणारा कामगार, दिवसभर घरी असलेली वृद्ध स्त्री आणि आम्स्टरडॅमच्या कार्यालयात जाणारा अभियंता एकाच इमारतीत राहत असले, तरी त्यांच्या वाट्याला आलेला आवाज एक नसतो.

येथून विषय एककांच्या प्रश्नाकडे वळतो, आणि या प्रश्नाचे पूर्ण शिक्षण दिल्याशिवाय कोणत्याही विद्यार्थ्याच्या हाती नकाशाचे सॉफ्टवेअर देऊ नये असे वाटते. माणसांची माहिती गोपनीयतेसाठी गटांत एकत्र करून प्रसिद्ध होते, आणि गटांच्या सीमा बदलल्या की त्याच माणसांच्या माहितीतून वेगळे निष्कर्ष निघतात. गेल्के आणि बीहल यांनी १९३४ मध्ये ही अडचण दाखवली, आणि स्टॅन ओपनशॉ यांनी १९८४ मध्ये तिचे सविस्तर विवेचन करून ती परिवर्तनशील क्षेत्र-एककाचा प्रश्न म्हणून रूढ केली. तिच्या जोडीला विल्यम रॉबिन्सन यांनी १९५० मध्ये दाखवलेला दोष येतो : प्रदेशांच्या पातळीवर दिसणारा संबंध व्यक्तींच्या पातळीवरही असेलच असे नाही. ज्या प्रभागात स्थलांतरित अधिक आणि साक्षरताही अधिक, तेथे स्थलांतरितच अधिक साक्षर असतील असे मानणे हा तो दोष होय.

डच केंद्रीय सांख्यिकी संस्था, जी १८९९ मध्ये स्थापन झाली, बाडहूव्हडॉर्पची माहिती गल्ली-मोहल्ल्यांच्या पातळीवर आणि त्याखेरीज १०० मीटर व ५०० मीटर बाजूच्या चौकोनांत देते. चौकोनांचा लाभ असा की नगरपालिकांच्या सीमा बदलल्या, जसे १ जानेवारी २०१९ रोजी हार्लमरमेरमध्ये शेजारची नगरपालिका विलीन झाली, तरी चौकोन जागचे हलत नाहीत. लहान चौकोनांतील संख्या ५ च्या पटीत दिल्या जातात आणि फार लहान संख्या झाकल्या जातात. टपालाचा डच संकेतांकही चार अंक व दोन अक्षरांचा असून तो बहुधा रस्त्याच्या एका बाजूच्या मोजक्या घरांपुरता असतो. भारतातील सहा अंकी पिनकोड, जो श्रीराम भिकाजी वेलणकर यांच्या पुढाकाराने १५ ऑगस्ट १९७२ पासून अमलात आला, टपाल वाटपासाठी उत्तम असला तरी त्याच्या एका क्षेत्रात अनेक गावे किंवा शहराचा मोठा भाग येतो, त्यामुळे पिनकोडवर आधारलेले विषमतेचे नकाशे झोपडपट्टी आणि तिच्या शेजारचा मनोरा यांची सरासरी काढून दोन्ही अदृश्य करतात. टपाल खात्याने २०२५ मध्ये आणलेला डिजिपिन हा दहा चिन्हांचा संकेतांक सुमारे ४ मीटरच्या चौकोनापर्यंत पोहोचतो, पण जागा नेमकी सांगणे आणि त्या जागेवरील माणसांची नोंद असणे यांत अजून मोठे अंतर आहे.

बारीक एककांनी सर्व काही दिसते असेही नाही, कारण वर्गवारीही एक रेषाच असते. नेदरलँड्समध्ये घरोघर जाऊन केलेली शेवटची जनगणना १९७१ ची. त्यानंतर लोकसंख्येची माहिती नोंदवह्यांतून काढली जाते, आणि त्या नोंदवह्यांत मातृभाषा नसते. आम्स्टरडॅम, आम्स्टलव्हेन आणि हार्लमरमेर या पट्ट्यात माहिती-तंत्रज्ञान व इतर क्षेत्रांतील नोकऱ्यांनिमित्त आलेली जी मराठी कुटुंबे राहतात, ती डच आकडेवारीत फार तर भारतात जन्मलेल्यांच्या संख्येत विरून जातात. २०२२ पर्यंत तर उगमाची मुख्य विभागणी पाश्चात्त्य आणि अपाश्चात्त्य अशी होती, ज्यात इंडोनेशिया व जपान पाश्चात्त्य आणि भारत अपाश्चात्त्य गणला जाई. त्या वर्षी ही विभागणी सोडून खंड आणि देश यांवर आधारलेली नवी वर्गवारी आली. दुसरीकडे १८७३ मध्ये ‘लल्ला रुख’ जहाजाने कलकत्त्याहून सुरिनामला गेलेल्या आणि त्यानंतरच्या गिरमिटियांचे, म्हणजे करारबद्ध मजुरांचे, वंशज, जे सुरिनामच्या स्वातंत्र्याच्या सुमारास मोठ्या संख्येने नेदरलँड्सला आले, सुरिनामी म्हणून मोजले जातात. भारतीय समाजाचा नकाशा काढणाऱ्या संशोधकाने केवळ प्रसिद्ध आकडे घेतले, तर एका बाजूने दीडशे वर्षांचा इतिहास असलेला समाज नकाशातून गळतो आणि दुसऱ्या बाजूने मराठी, तेलुगू, तमिळ, पंजाबी ही सगळी माणसे एका रंगात येतात. मराठी कुटुंबे गणेशोत्सवाला कुठे जमतात, मुलांना मराठी शिकवण्यासाठी कोणत्या वर्गाला नेतात, घर घेताना विमानाच्या आवाजापेक्षा शाळा व रेल्वे स्थानक जवळ असणे पसंत करतात का, या प्रश्नांची उत्तरे घरी जाऊन, बोलून आणि त्यांनीच नकाशावर काढलेल्या खुणांवरूनच मिळू शकतात. अशा अभ्यासाला सहभागी नकाशांकन म्हणतात.

महाराष्ट्राच्या बाबतीत चित्र उलट आहे : मोजणीची परंपरा खोल आहे, पण तिचे थर एकमेकांवर बसत नाहीत. मुंबई इलाख्यात प्रत्येक शेताची मोजणी करून त्याला क्रमांक देण्याची पद्धत १८३० च्या दशकात गोल्डस्मिड व विंगेट यांच्या कामातून इंदापूर तालुक्यात बसवली गेली, आणि सातबाऱ्यावरील सर्व्हे व गट क्रमांकांची वंशावळ तिथपर्यंत जाते. इतका जुना शेतनिहाय आधार जगात फार थोड्या प्रदेशांना आहे. मात्र जनगणनेची माहिती गाव व गणनगट या एककांवर, शाळा व आरोग्याची आपापल्या संकेतांकांवर आणि पाऊस मंडळनिहाय असल्यामुळे त्यांची जोडणी करण्यातच संशोधकाचे महिने जातात. १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाण्यापासून पालघर जिल्हा वेगळा झाला, त्यामुळे आदिवासी कुपोषणाची जिल्हावार मालिका पुढे चालवायची तर जुन्या तालुक्यांची माहिती नव्या सीमेत पुन्हा बेरजून घ्यावी लागते. २०२१ ची जनगणना वेळेवर न झाल्याने २०११ चे आकडे अजूनही आधाराला घ्यावे लागतात. तांत्रिक अडचणीही आहेत : पृथ्वीचा गोल सपाट कागदावर उतरवण्याच्या गणिती रीतीला प्रक्षेपण म्हणतात, आणि सर्वत्र वापरल्या जाणाऱ्या यूटीएम प्रक्षेपणात ७८ अंश रेखांशावर पट्टा बदलत असल्यामुळे पुणे ४३ व्या आणि नागपूर ४४ व्या पट्ट्यात येते, हे ध्यानात न घेता संपूर्ण राज्याची अंतरे एका पट्ट्यात मोजली तर पट्ट्याबाहेरची मोजमापे बिघडत जातात. नेदरलँड्सला एकच राष्ट्रीय निर्देशांक-पद्धती पुरते.

दोन्ही देशांचे या विद्येत जुने नातेही आहे. डचांनी १९५० मध्ये डेल्फ्ट येथे स्थापन केलेली आणि १९७१ मध्ये एन्सखेडेला हलवलेली आयटीसी ही संस्था विकसनशील देशांतील नकाशातज्ज्ञांना शिकवण्यासाठीच निघाली, आणि १९६६ मध्ये डेहराडूनला स्थापन झालेली भारतीय छायाचित्र-निर्वचन संस्था, आजची भारतीय सुदूर संवेदन संस्था, डच सहकार्यानेच उभी राहिली. पुढे १९८८ मध्ये नागपुरात महाराष्ट्र सुदूर संवेदन उपयोजन केंद्र आले. या परंपरेचा कल मात्र भूजल, वने, पीक आणि जमीन यांकडे राहिला. समाजाकडे वळलेले उल्लेखनीय काम पुण्यात झाले, जेथे १९९३ मध्ये स्थापन झालेल्या शेल्टर असोसिएट्स या संस्थेने झोपडपट्ट्यांतील घरे, गटारे आणि शौचालये वस्तीतल्याच लोकांच्या मदतीने नकाशावर आणली. शहराच्या विकास आराखड्यावर जी वस्ती एक रिकामा किंवा आरक्षित तुकडा म्हणून दिसते, तिच्यात किती घरे आहेत आणि मलवाहिनी त्यांच्यापासून किती फुटांवर आहे हे नकाशावर आल्यावर घरटी शौचालयाची मागणी अभियांत्रिकीच्या भाषेत मांडता येते. सामाजिक संशोधनासाठी या प्रणालीचे याहून सरळ समर्थन नाही.

पुणे जिल्ह्यातील पुरंदर तालुक्यात या विद्येच्या दोन्ही बाजू शेजारी शेजारी दिसतात. गावठाणातील घरांची ड्रोनने मोजणी करून मिळकत पत्रिका देण्याचा महाराष्ट्रातील पहिला प्रयोग या तालुक्यातील सोनोरी गावात झाला आणि २४ एप्रिल २०२० रोजी सुरू झालेल्या केंद्राच्या स्वामित्व योजनेच्या मागे अशा प्रयोगांचा अनुभव होता. गावठाणातल्या ज्या घराला सातबारा नव्हता, त्याला पहिल्यांदाच कागद मिळू लागला. त्याच तालुक्यातील पारगाव, खानवडी, मुंजवडी, एखतपूर, कुंभारवळण, वनपुरी आणि उदाचीवाडी या सात गावांत नियोजित विमानतळासाठी २०२५ मध्ये ड्रोनने मोजणी होऊ लागली, तेव्हा ग्रामस्थांनी ती अडवली. यंत्र तेच, आकाशातून टिपलेली चित्रेही त्याच जातीची. फरक एवढाच की एका मोजणीतून माणसाचा हक्क नोंदला जाणार होता आणि दुसरीतून त्याची जमीन घेतली जाणार होती. जॉन पिकल्स यांनी १९९५ मध्ये संपादित केलेल्या ग्रंथापासून भौगोलिक माहिती प्रणालीची जी टीकात्मक परंपरा सुरू झाली, तिने नेमका हाच प्रश्न विचारला आहे की नकाशा कोणासाठी काढला जातो आणि त्यात नसलेली माणसे कोण आहेत.

भूसंपादनाच्या नकाशात गट क्रमांक, क्षेत्र आणि खातेदार असतात. विहिरीच्या पाण्यातील हिस्से, अंजीर आणि सीताफळाच्या बागांची वये, वाट्याने किंवा मजुरीने कसणाऱ्या पण खात्यावर नाव नसलेल्या कुटुंबांची घरे, मेंढपाळांचे हंगामी मार्ग, सासवडच्या बाजाराला आणि शाळेला जाण्याच्या पायवाटा, माहेर-सासरच्या गावांमधील रोजची ये-जा, देवस्थानांच्या यात्रेचे रस्ते हे थर त्यात नसतात, आणि मोबदला ठरताना ज्याची नोंद नाही त्याची गणतीही होत नाही. बाडहूव्हडॉर्पमध्ये महामार्ग हटल्यावर आधीची आणि नंतरची तुलना करता येते, कारण आधीच्या प्रत्येक घराची, उंबऱ्यापर्यंतची नोंद सार्वजनिक होती. पुरंदरमध्ये अशी तुलना वीस वर्षांनी कोणाला करायची असेल तर तिचा पाया आताच घालावा लागेल, आणि तो ग्रामस्थांच्या संमतीने, त्यांच्याच हातात प्रत राहील अशा रीतीने घालावा लागेल. व्यक्तींची नावे आणि घरांचे नेमके निर्देशांक वेगळ्या, बंद संचात ठेवून प्रसिद्धीसाठी १०० किंवा ५०० मीटरचे चौकोन वापरण्याची डच रीत येथे जशीच्या तशी घेता येते. सामाजिक शास्त्रांच्या पदव्युत्तर विद्यार्थ्यांचा एक गट, साध्या मोबाइलवरील जीपीएस, क्यूजीआयएस आणि भूमी अभिलेख विभागाचे गाव नकाशे एवढ्या साधनांवर, एका गावाच्या विहिरी व पायवाटांचा थर एका हंगामात तयार करू शकतो. उन्हाळ्यात कोरड्या पडणाऱ्या विहिरी आणि पावसाळ्यात बंद होणाऱ्या वाटा दोन्ही नोंदवायच्या असल्याने हे काम वर्षातून निदान दोनदा करावे लागते, आणि त्यातील पहिली फेरी मार्च ते मे या महिन्यांत, बागांना पाणी देण्याच्या पाळ्या सुरू असताना, केलेली बरी.